बागेतलं पित्तर

जळगाव संपत आलं की नव्या कॉलन्यांच्या पलीकडे एक मोठी बाग लागते. मोठी म्हणजे चांगलीच मोठी. एका फाटकातून शिरून दुसऱ्या फाटकाने निघायचं तर माझ्यासारखीला मध्ये दोनदा टेकावं लागतं. तिला नाव आहे, फाटकावर लिहिलेलंही आहे, पण रिक्षावाले नुसतं 'बाग' म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. आत एक कारंजं आहे, ते मी कधी उडताना पाहिलं नाही. मुलांची आगगाडी आहे, तिचं इंजिन ताडपत्रीखाली. लॉन उन्हाळ्यात करपतं आणि पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. मला ती बाग मुळीच आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटायचं की बाई झाडाफुलांचं वर्णन करायला बसल्या.

आम्ही धुळ्याचे. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, माझे यजमान एसटीतून. महिन्यातल्या एका रविवारी सकाळची गाडी पकडायची, पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरायचं, स्टँडवरून रिक्षा करायची आणि त्या बागेत जाऊन बाकावर बसायचं. कशासाठी? आमच्या नातीला बघायला. स्वतःच्या नातीला भेटायला बागेत जावं लागणारी आजी तुम्ही पाहिली नसेल तर मला बघून घ्या.

माझा मुलगा गेला. दिवाळीनंतर, हायवेवर, मोटरसायकलवरून घरी येताना. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण लिहिलं की दोन दिवस माझ्या हातून काही होत नाही. एकुलता एक होता. त्याच्यामागे सून राहिली आणि एक पोर, तेव्हा साडेतीन वर्षांची. तिला मी माय म्हणते. आमच्याकडे नातीला लाडाने मायच म्हणतात.

आता आखाजीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुमची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची नवी घागर भरायची, त्याच्या नावाने कुणाला तरी जेवू घालायचं. पुरुष गेला असेल तर पुरुषाला, बाई गेली असेल तर बाईला, होता होईल तो त्याच वयाच्या. त्या जेवणाऱ्याला पित्तर म्हणतात. तेवढ्या वेळापुरता तो शेजारचा अमका किंवा गल्लीतला तमका नसतो, तो आपलाच गेलेला माणूस असतो. त्याला गंध लावायचं, वयाने लहान असला तरी पाया पडायचं, आग्रह करकरून वाढायचं. त्याचं पोट भरलं की घरच्यांनी 'ऊठ' म्हणायचं, मग त्याने उठायचं.

मुलगा गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला हे सगळं धुळ्याच्या घरी रीतसर झालं. त्याचा एक मित्र पित्तर म्हणून जेवला आणि जेवताना रडला. दुसऱ्या दिवशी व्याही आले आणि सुनेला नि पोरीला माहेरी जळगावला घेऊन गेले. आखाजीला लेकी जातातच. तिची बॅग मीच भरून दिली, वरून पोरीसाठी सांजोऱ्यांचा डबा दिला. ती परत आलीच नाही.

मग फोन सुरू झाले. मी मुळातच फटकळ, आणि व्याही बोलायला लागले की स्वतःलाही ऐकत नाहीत. आमची अशी जुंपायची की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. ते म्हणायचे, "तुम्ही आलात की घरात रडारड होते, पोर घाबरते." मी म्हटलं, "मुलगा माझा मेलाय, मी येऊन काय टाळ्या वाजवू?" ते म्हणाले, "मग येऊच नका घरी." मी म्हटलं, "तुमच्या घरचं पाणी पिणार नाही मी यापुढे." झालं. शेवटी आमच्या यजमानांनी माझ्या हातून फोन काढून घेतला आणि दोन वाक्यांत मिटवलं. आम्ही त्यांच्या घरी जायचं नाही, त्यांनी आमच्या घरी यायचं नाही, महिन्यातून एकदा सुनेने पोरीला बागेत आणायचं.

अशा त्या भेटी. सून लांबच्या बाकावर मोबाइल बघत बसे. वाईट वागायची नाही हो ती. पाया पडायची, "आई, गुडघा कसा आहे?" विचारायची, नानांच्या गोळ्यांची चौकशी करायची. आमच्या यजमानांना ती नानाच म्हणते. पण सुनेपणाचं जे काही असतं ते तिच्यातून निघून गेलं होतं, आणि ते मला दरवेळी नव्याने बोचायचं. आम्ही दोघं म्हातारी पोरीमागे धावायचो. घसरगुंडी लोखंडी, उन्हाळ्यात हात लावला की चटका. झोपाळ्याच्या चार साखळ्यांपैकी दोन तुटलेल्या. बाकांवर रिटायर माणसं दुखण्याच्या गोष्टी करत बसलेली, झाडामागे जोडपी. मी डब्यातून काही ना काही आणायची, पोर खायची, आणि खाता खाता हमखास विचारायची, "आजी, पप्पा कुठे?"

काय सांगणार? मी म्हणायची, "लांब गेलेत माय. येतील." शाळेत मी पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून मला दुसरं काही सुचायचं नाही. मग मी तिला तिच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. तो निंबावरून पडला होता ती, आमरसाच्या पातेल्यात मांजर पडलं होतं ती. ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. यजमान एकदा परतीच्या गाडीत म्हणाले, "पोरले खोटं कसाले सांगस तू?" मी म्हटलं, "मग खरं तुम्ही सांगा, जीभ रेटते का बघा." ते खिडकीबाहेर बघत बसले. खानदेशातला माणूस गप्प बसला की गाडी एरंडोल सोडून पारोळ्याला लागली तरी बोलत नाही.

यंदाची आखाजी जवळ आली तेव्हा माझ्या मनात एक धरून बसलं. मला पोर हवी होती. कायमची नको, तेवढा शहाणपणा मलाही आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त आठ दिवस धुळ्याला. आमच्या घरात लहान मुलाचं पाऊल वाजून वर्ष झालं होतं. संध्याकाळी दिवे लावले की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो आणि दोघांपैकी कुणालाही टीव्हीवर काय चाललंय ते कळत नाही. आठ दिवस पोर आली, अंगणात पाणी सांडलं, माझ्या कपाटातल्या साड्या ओढल्या, तर वर्ष निघेल असं मला वाटत होतं. ते फोनवर मागायचं नव्हतं. फोनवर मी भांडते. बागेत, समोरासमोर, पोर मांडीवर असताना मागायचं ठरवलं.

आणि दुसरंही एक ठरवलं. पित्तर यंदा बागेत जेवेल.

यजमान चक्रावले. "काय करी ऱ्हायनी तू? पित्तर घरमा जेवस, बागमा नही!"

मी म्हटलं, "घरात कोण आहे त्याचं? तुम्ही नि मी. त्याची पोर जळगावला आहे. तो यायचाच असेल तर तिच्याकडे येईल, आपली तोंडं बघायला कशाला येईल?"

 आखाजीच्या पहाटे उठून त्यांनी घागर भरली, गंध-फूल केलं, चुलीत त्याच्या नावाचा घास टाकला. मी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस, रशी म्हणजे कटाची आमटी, भात, कुरडया-पापड तळले. सगळं डब्यांत भरलं. पत्रावळी घेतल्या, गंधाची वाटीसुद्धा घेतली. पित्तर म्हणून माझ्या नणंदेचा मुलगा येणार होता. तो भुसावळला रेल्वेत आहे, माझ्या मुलाच्याच वयाचा, दोघं एकत्र वाढलेले. भुसावळहून जळगाव म्हणजे हाकेवर. सुनेला फोनवर एवढंच सांगितलं की आखाजीचं जेवण घेऊन येते, पोरीला घेऊन ये. पित्तराचं बोलले नाही. उगाच बापाला विचारायला गेली असती.

आखाजीचं ऊन तुम्हाला सांगून समजणार नाही. अकरा वाजता बागेत पोचलो तर चिटपाखरू नव्हतं. फाटकावरचा वॉचमन टोपी तोंडावर घेऊन खुर्चीत पडला होता. सण म्हणून लोक घराघरात होते. आम्ही मधल्या मोठ्या निंबाखाली चटई टाकली. थोड्या वेळात सून आली, पोरीला घेऊन. आज तिने चांगली साडी नेसली होती. मला बरं वाटलं, म्हटलं सणाचं भान आहे पोरीला. पण तिचं कशात लक्ष नव्हतं. सारखी फाटकाकडे बघत होती. पोर मात्र येऊन माझ्या गळ्यात पडली. पाच वर्षांची झालीय आता, पुढचा एक दात पडलाय.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामी, माझी ड्यूटी बदलली. निघूच देत नाहीत. काय करू?"

"काय करू म्हणजे? आता सांगतोस? ऐन वेळेला?" मी त्याला फोनवर जे बोलायचं ते बोलले. बोलून पित्तर थोडंच येणार होतं. बारा वाजत आले होते. पित्तराला वेळेवर जेवायला घालावं लागतं, दुपार कलली की उपयोग नाही.  वर्षभर वाट बघितलेला दिवस आणि पान रिकामं.

सून म्हणाली, "आई, मी आलेच. जरा फाटकावर जाऊन येते." काय काम, विचारायचं मला सुचलं नाही. बाप फोन करत असेल, म्हटलं. ती पुढच्या फाटकाकडे निघून गेली, उन्हातून, भराभर.

यजमान म्हणाले, "वॉचमनले बलाऊ?" वॉचमन साठीचा, आणि तो डबा खाऊन झोपलेला. मी इकडे तिकडे बघितलं. मागच्या फाटकाच्या बाजूला, आगगाडीच्या रुळांजवळ, एका बाकावर एक माणूस एकटाच बसला होता. शेजारी हेल्मेट. तिशी-बत्तिशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट. मी उठलेच. यजमान "अगं, ऐक" म्हणेपर्यंत मी त्याच्यासमोर उभी होते.

"भाऊ, जेवण झालंय?"

तो गडबडून उभा राहिला. "नाही अक्का."

"मग चला. आमचं पित्तर जेवायचं राहिलंय. मुलाच्या नावाचं."

त्याचा चेहरा उतरला. आमच्या निंबाकडे बघितलं, मग पुढच्या फाटकाकडे. म्हणाला, "अक्का, मी नको. तुम्हाला माहीत नाही, मी..."

"नाव-गाव नंतर सांगा. बारा वाजून जातायत," मी म्हटलं आणि त्याच्या मनगटाला धरलं. पस्तीस वर्षं वर्गातली मुलं मी अशीच ओढून बाकावर बसवलीत. आणि पित्तर म्हणून बोलावलं की आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. त्यानेही मग म्हटलं नाही. मुकाट्याने आला, चपला लांब काढल्या, चटईवर बसला.

मी पत्रावळ मांडली, त्याच्या कपाळाला गंध लावलं.  गंध लावताना जवळून बघितलं तर कानामागे घाम आलेला, दाढी नुकतीच केलेली. माझ्या मुलाच्या अंगापिंडाचाच होता, खांदे तेवढे रुंद. मी वाकले आणि त्याच्या पाया पडले. तो अंग चोरून बसला. यजमान पडले. मग मी पोरीला जवळ घेतलं.

"माय, पाया पड. आज पप्पा जेवायला आलेत."

हे मी म्हटलं. माझ्या सासूने मला असंच म्हणायला शिकवलं होतं, तिच्या सासूने तिला. पित्तरासमोर मुलांना असंच सांगतात आमच्यात. मुलं पाया पडतात आणि झोक्यावर पळतात, कुणाला त्यात काही वाटत नाही.

पोर पळाली नाही. तिने त्याच्याकडे टक लावून बघितलं. मला विचारलं, "हे?"

"हो, हेच."

तिने वाकून नमस्कार केला. मग त्याला चिकटून चटईवर बसली आणि पानातली एक कुरडई उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. त्याचा हात पोळीकडे जाईना. मी म्हटलं, "लाजू नका, पोटभर जेवा," आणि पोळीवर तूप सोडलं. तो हळूहळू जेवायला लागला. मला त्या क्षणी फार शांत वाटलं, खरंच सांगते. वर्षभरात एवढं शांत वाटलं नव्हतं. पोर त्याच्या गुडघ्याला टेकून बसलेली, तो मान खाली घालून आमरस खातोय. पदर डोळ्याला लावून मी बघत राहिले.

सून परत आली ती हे बघतच. दहा पावलांवर येऊन थांबली. मला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने थबकली. मी म्हटलं, "ये, बस. पित्तर जेवतंय."

ती खाली मातीतच बसली. "आई, यांना कुणी बोलावलं?"

"मी. का?"

"आई, हे तेच आहेत."

"तेच कोण?"

"माझं ज्यांच्याशी ठरलंय ते. आज तुम्हाला सांगणार होते. जेवणं झाल्यावर. म्हणून यांना पुढच्या फाटकाशी थांबायला सांगितलं होतं, हे मागून आत आले, मी तिकडे शोधतेय..."

त्याचा हात पत्रावळीवर थांबला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. "तुम्हाला ठाऊक होतं आम्ही कोण ते?" मी त्याला विचारलं.

"हो, अक्का. फोटो बघितलाय."

"तरी बसलात? माझ्या पोराच्या पानावर? गंध लावून घेतलंत माझ्या हातून?"

"सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही," तो म्हणाला. आवाज न चढवता. "आणि पित्तराला बोलावल्यावर उठून कसं जाऊ? माझ्याही घरी आज घागर भरलीय. बायकोची. आई भरते, दोंडाईच्याला. मी सुरतला असतो."

म्हणजे त्याच्या बायकोचंही पान आज तिकडे मांडलेलं होतं. त्यावर कुणीतरी सवाष्ण बसली असेल. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. मी म्हटलं, "उठा. उठा तुम्ही इथून."

आयुष्यात पहिल्यांदा आमचे यजमान माझ्यावर ओरडले. "चूप बस तू! पित्तरले उपाशी उठाडशी का?" वॉचमनची टोपी खाली पडली त्यांच्या आवाजाने. मग ते स्वतः गुडघ्यावर हात टेकत वाकले, डब्यातून एक पोळी काढली, त्याच्या पानात वाढली आणि म्हणाले, "पोट भरीसन जेव भाऊ. तिन्हं नको ऐकू."

तो जेवला. मान खाली घालून, पानातलं सगळं संपवून. घास गिळताना त्याचा गळा हलत होता तो मला दिसत होता.  पोर मधूनच त्याला कुरडई देत होती. पान स्वच्छ झालं तेव्हा यजमानांनी बाटलीने त्याच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाले, "ऊठ भाऊ."

तो उठला. जाऊन झाडाच्या पलीकडे उभा राहिला, पोर त्याच्यामागे.

मी सुनेकडे वळले. म्हटलं ठीक आहे. लग्न कर. तरुण आहेस, कुणी कर म्हटलं नाही तरी करशील, करायलाच हवंस. हे मी मनापासून म्हटलं की तोंडदेखलं, ते मलाच कळलं नाही. मग जे मागायला आले होते ते मागितलं. "सुट्टीत पोरीला आठ दिवस पाठव धुळ्याला. मग ने सुरतला. एवढंच."

"नाही आई."

"चार दिवस."

"आई, नाही. मी आज तेच सांगायला आले होते. आता हे बंद करू. बागेतलंही."

मी तोंड उघडलं. तिने हात जोडले. रडत नव्हती ती, आणि त्याचीच मला भीती वाटली. ती म्हणाली, "तुमचं चुकतं असं म्हणत नाही मी. पण बागेतून घरी गेली की ही दोन दिवस धड जेवत नाही. दारात जाऊन बसते. आजी म्हणाली पप्पा येणारेत. गल्लीत मोटरसायकल आली की पळत जाते, प्रत्येक वेळी. मी तिला आत आणून आणून थकले. सुरतला नवं घर, नवी शाळा. तिथेही अशीच दारात बसली तर मी काय करू, सांगा. तुम्हीच सांगा, तुम्ही मास्तरीण होता."

झाडाच्या पलीकडून तो म्हणाला, "मी आणत जाईन अक्का, वर्षातून..."

"तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली.

 मी यजमानांकडे बघितलं, की ते तरी काही बोलतील. ते डबे एकावर एक लावत होते. झाकणं अदलाबदल करत होते, कुठलं कशाला बसतंय ते त्यांना उमगत नव्हतं. सून उठली, त्यांच्या हातून डबे घेतले, सगळे नीट लावून पिशवीत ठेवून दिले. मग आमच्या दोघांच्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे हात आपोआप गेला. मी म्हटलं, "सुखी राहा."

आमचीही निघायची वेळ झालीच होती. पण पाय उचलेना. ते तिघं निघाले मागच्या फाटकाकडे, तिकडे त्याची मोटरसायकल होती. सून पुढे, पोर तिच्या बोटाला, तो दोन पावलं मागे, हेल्मेट हातात. सावली संपली आणि फरशीची वाट लागली तिथे पोरीच्या सँडलचा पट्टा तुटला. एक पाय उघडा. तिने तो फरशीवर ठेवला आणि किंचाळून एका पायावर उड्या मारायला लागली. सुनेच्या खांद्याला पर्स, एका हातात पोरीची बॅग. ती बॅग खाली ठेवायला वाकली.

पोर थांबली नाही. तिने मागे वळून दोन्ही हात वर केले.

"पप्पा, मला उचल ना."

तो जागीच उभा राहिला. सूनही वाकलेली तशीच राहिली. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढ्या लांबून, उन्हातून, तो माझ्याकडे परवानगी मागत होता. यजमानांनी तोंड दुसरीकडे केलं. पोर एका पायावर नाचत होती, हात वर तसेच.

"बघता काय?" मी ओरडले. "उचला तिला! पाय भाजतोय तिचा!"

त्याने हेल्मेट खाली टाकलं आणि तिला उचललं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर हनुवटी ठेवली आणि आमच्याकडे बघून हसली, पडलेल्या दाताची फट दिसेल एवढी. किती महिने मी तिला सांगत होते, पप्पा येतील म्हणून. तिच्या लेखी ते आले होते.